घरोघरी घडणारी राक्षसीण: नारबोद, मारबत आणि बाकाबाई

१/ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यातील गावांमधून एका राक्षसिणीची हकालपट्टी होते. झाडीपट्टीत तिला 'नारबोद' म्हणतात, नागपुरात 'मारबत'. तिची कथा सांगताना भोसले घराण्यातील एका राणीचे नाव हमखास घेतले जाते. त्या नावाचा आणि या राक्षसिणीचा संबंध कितपत टिकतो, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी तिच्या देहाविषयी. गावातली नारबोद विकत आणली जात नाही. पळसाच्या फांद्या, गवत, जुन्या चिंध्या, हाताशी असेल ते एकत्र बांधून तिला आकार दिला जातो. विदर्भात अनेक ठिकाणी तर पुतळाही नसतो. दारापुढे ठेवलेली पळसाची फांदी उचलून गावाबाहेर नेऊन टाकतात, तीच मारबत.

३/ हा विधी याच दिवसांत का? पोळा श्रावण अमावास्येला येतो. भंडारा हा धानाचा जिल्हा. तोवर रोवणी आटोपत आलेली असते, बांध्यांमध्ये पाणी साचलेले असते आणि घरोघरी ताप-खोकला सुरू झालेला असतो. म्हणूनच राक्षसिणीला हाकलताना रोगराई, डास, ढेकूण यांची नावे घेऊन 'हे सारे सोबत ने' असे बजावले जाते. वर्षभराची इडापिडा भरून गावाच्या शिवेपार धाडण्याचे ते एक पात्रच होय.

४/ लोकमानसाने या पात्राला पूतनेचे रूप दिले. बाळकृष्णाला विष पाजायला आलेली पूतना ही लहान मुलांच्या जिवावर उठलेल्या आजाराची मूर्ती म्हणून चपखल बसते. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन मुले मिरवण्याच्या दिवशीच त्यांच्यावरचे संकट शिवेबाहेर काढले जाते.

५/ नागपुरात या राक्षसिणीला भव्य रूप मिळाले. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, तर पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची सांगितली जाते. पिवळी मारबत जगन्नाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची. बांबूच्या सांगाड्यावर कागद व कापड चढवून, रंग देऊन पुतळे उभे राहतात, मिरवले जातात आणि अखेरीस जाळले जातात.

६/ आता राणीकडे वळू. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना सामील झाल्याबद्दल लोकांनी तिचा पुतळा जाळला, अशी कथा प्रचलित आहे. बाकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. रघूजी १८१६ मध्ये वारले, पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरच्या गादीवर इंग्रजांचा वचक बसला.

७/ तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. तेव्हा बाकाबाईसह राण्यांनी त्याला विरोध केला, आपली बाजू मांडण्यासाठी वकीलही धाडले. १८५७ च्या उठावात मात्र बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिली. १८५८ मध्ये तिचे निधन झाले. केवळ 'फितूर' या एका शब्दात मावेल असे हे चरित्र नव्हे.

८/ कालक्रम तपासा. बाकाबाईच्या निधनानंतर तब्बल २३ वर्षांनी काळी मारबत निघाली. लोकांच्या मनातला राग इतका काळ टिकू शकतो, हे मान्य. परंतु खेड्यातल्या पळसाच्या फांदीचा बाकाबाईशी काय संबंध? तिथे रोगांची नावे घेतली जातात, राणीचे नव्हे. म्हणून १८८१ हे नागपूरच्या मिरवणुकीचे वर्ष मानावे, प्रथेच्या जन्माचे मानू नये. राणीची कथा आधीच तयार असलेल्या देहात नंतर भरली गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

९/ या देहात नवनवे अर्थ भरले जातात, याचा पुरावा नागपूरच्याच मिरवणुकीत दिसतो. मारबतींसोबत 'बडगे' निघतात. हे पुरुषरूपी पुतळे महागाईचे, लाचखोरीचे, त्या-त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या कोणत्याही गोष्टीचे असतात. उलट पिवळी मारबत रक्षणकर्ती मानली जाते आणि तिच्या दर्शनाला गर्दी होते.

१०/ जगातही असे घडले आहे. दक्षिण फ्रान्समधील तारास्कों गावात 'तारास्क' नावाच्या दंतकथेतील नरभक्षक ड्रॅगनचा पुतळा मिरवला जातो. एके काळचे संकट आज गावाची ओळख आहे. बेल्जियम व फ्रान्समधील अशा मिरवणुकांना २००५ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून गौरवले. स्पेनमधील वॅलेन्सियात १९ मार्चच्या रात्री राजकीय टवाळीचे पुतळे जाळले जातात. बडग्यांचे हे दूरचे भाऊच!

११/ पुतळा जाळणाऱ्या गर्दीला सरळसोट खलनायिका लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र १८५४ ची बाकाबाई आणि १८५७ ची बाकाबाई, दोघींना एकत्र पाहायला हवे. आणि पुढच्या पोळ्याला गावी असाल, तर नारबोदीला हाकलताना कोणकोणत्या पीडांची नावे घेतली जातात, ती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ही यादी पिढीगणिक बदलते, आणि गावाच्या भीतीचा इतिहास तिच्यातच सापडतो.