करवंद
करवंद : (सं. करमर्द, हिं. करौंदा, लॅ. कॅरिसा कॅरँडास, कुल-ॲपोसायनेसी). कोकण व सह्याद्रीत रानटी आढळणारे सदाहरित, काटेरी झुडूप. उंची २–४ मी. पाने समोरासमोर, जाड व चकचकीत, काटे जोडीने, चीक पांढरा. फुले पांढरी, सुवासिक. पिकलेली फळे काळसर जांभळी.

थळ (ता. अलिबाग, जि. रायगड) परिसरात पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये एकवटतो, नंतरचे महिने जवळजवळ कोरडे असतात. अशा ठिकाणच्या कमी पाण्याच्या बागांना व कुंपणांना करवंद योग्य ठरते. हलकी, मुरमाड जमीन चालते; पाणी साचलेले मानवत नाही.

बियांची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून पिकल्या फळांतील ताजे बी लगेच पेरतात. रोपे पुढील पावसाळ्याच्या सुरुवातीस लावतात. कुंपणासाठी अंतर सु. १ मी., फळांसाठी २–३ मी. ठेवतात. पहिला उन्हाळा पाणी द्यावे लागते. मुळे खोल गेल्यावर झुडूप पावसावर तगते. छाटणी फळे उतरल्यावर करतात, कारण फुले नव्या फुटीवर येतात. फळे एप्रिल-मेपासून पिकतात. कच्च्या फळांत पेक्टिन भरपूर असल्याने ती जेलीस उपयुक्त असतात; त्यांचे लोणचेही करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही सुधारित जात आहे.