भूल: एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘भूल’ म्हणजे चूक, आणि भूल म्हणजे शुद्ध हरपणेही. वैद्यकाच्या इतिहासात हे दोन अर्थ अनेकदा हातात हात घालून चालले आहेत.

त्याची एक साक्ष आपल्या जवळचीच आहे. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असताना, १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी दोन आयोग बसले. त्यामागे डॉ. एडवर्ड लॉरी होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांतून निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून; म्हणून नाडीची चिंता नको, श्वासावर लक्ष ठेवा. १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या भुलीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते. भुलीविषयीचीच ही भूल होती.

एपिड्यूरलने निराळी वाट धरली. १९२१ साली स्पेनच्या फिडेल पाजेस यांनी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध देऊन कमरेच्या भागातून शरीर बधिर करण्याची रीत मांडली. यात रुग्ण जागा राहतो. मात्र धोका संपला नव्हता. बुपिव्हाकेन हे औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्याने काही बाळंतिणींचे हृदय बंद पडले, आणि १९८४ साली अमेरिकेत त्याचे पाऊण टक्क्याचे द्रावण प्रसूतीसाठी वर्ज्य ठरले. तेव्हापासून सौम्य द्रावण, आधी चाचणीची मात्रा, मग थोडे थोडे औषध, आणि रक्तदाबावर सतत नजर हा शिरस्ता पक्का होत गेला. रक्त गोठण्याचा दोष किंवा सुईच्या जागी संसर्ग असल्यास ही पद्धत टाळतात.

त्याच मराठवाड्यातून आलेली कितीतरी कुटुंबे आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांच्या आधाराने राहतात. माहेरपासून दूर बाळंत होणाऱ्या मुलीला ‘भूल देऊ’ म्हटले, की तिला वाटते, आपण बेशुद्ध होणार. बाळाचे पहिले रडणे ऐकू येणार नाही. पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची धरते, ही समजूतही सोबत असते. अभ्यासांतून तसा संबंध आढळलेला नाही. क्वचित काही दिवस डोके मात्र दुखते. हे तिला वेणा सुरू होण्याआधी, तिच्या बोलीत सांगायला हवे. वेणांच्या भरात कागदावर घेतलेल्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे.

औषधाची मात्रा आपण मोजून देतो. शब्दाचीही तशीच मोजून द्यावी.