दुसऱ्याच्या मराठीची परीक्षा

एखाद्याला ‘मराठी येते’ असे आपण नेमके केव्हा म्हणतो? प्रश्न साधा दिसतो. पण गेली दोनशे वर्षे त्याच्या उत्तरावर कुणाची नोकरी, कुणाचा भत्ता, कुणाचा रिक्षाचा परवाना अवलंबून राहिला आहे. मी राहतो त्या बदलापूरजवळच्या चामटोलीतून उल्हासनगरच्या बाजारात गेले की हा प्रश्न पावलोपावली भेटतो, म्हणून त्याच्या मागे लागलो.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘कल्याण कँप’चे उल्हासनगर झाले. लोक मात्र अजूनही ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर पाच’ असेच पत्ते सांगतात. या माणसांना मराठी कुणी शाळेत शिकवली नाही. आजूबाजूच्या खेड्यांतले आगरी, कुणबी, ठाकूर गिऱ्हाईक म्हणून आले आणि त्यांच्याशी घासाघीस करता करता ती आली.

या मराठीत चुका होत्याच, पण त्या वाटेल तशा नव्हत्या. सिंधीत लिंगे दोन, नपुंसकलिंग नाही. म्हणून ‘माझं दुकान’चे ‘माझा दुकान’ होते, ‘ते कापड’चे ‘तो कपडा’ होते. ‘ळ’ नाही, म्हणून ‘केळी’ची ‘केली’ होते. (त्यांच्याकडे आत श्वास ओढून उच्चारायची चार व्यंजने आहेत. ती आपल्यापैकी कुणाला सात जन्मांत जमणार नाहीत. पण ती परीक्षा आपल्याला कधी द्यावी लागत नाही.) ऐकणाऱ्याला यातले काहीही अडत नाही. दुकान कुणाचे, भाव काय, उधारी किती, सगळे स्वच्छ कळते.

आता याच बाजारात आलेल्या आगरी बाईचे बोलणे ऐका. तीही ‘पानी’ म्हणते, ‘डोला’ म्हणते, ‘काला’ म्हणते. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला दिलेला सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध केला. त्यात आगरीची नोंद मराठीची एक बोली म्हणून आहे. म्हणजे तोच ‘पानी’ हा उच्चार एका तोंडी बोली ठरतो आणि दुसऱ्या तोंडी चूक. आणि खरे सांगायचे तर पुण्या-ठाण्याच्या शाळेत आगरी मुलाच्या तोंडीही तो चूकच ठरतो. तेव्हा आपण कान लावून ऐकतो ते व्याकरण असते की बोलणाऱ्याचे कूळ, अशी शंका मला येऊ लागली.

ही शंका घेऊन मागे गेलो, तर एकोणिसाव्या शतकात चित्र नेमके उलटे सापडते. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषेची परीक्षा उतरल्यावर दुभाष्याची जागा मिळे, भत्ता मिळे. त्यातूनच मोल्सवर्थसारखा माणूस घडला. पंडितांना हाताशी धरून त्याने केलेला कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याने ग्रामीण समजले जाणारे शब्द टाकले नाहीत, म्हणून आज आपले आजीच्या तोंडचे शब्द या इंग्रजाच्या पुस्तकात शोधावे लागतात. त्याचा सहकारी थॉमस कँडी हा पुढे सरकारी भाषांतरकार झाला आणि शाळांची मराठी पुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती. अशा भाषेत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह रुजवण्याचे श्रेय बव्हंशी कँडीला जाते. ज्याची मायबोली मराठी नव्हती तो गृहस्थ, जन्माने मराठी असलेल्या लेखकांचे मराठी तपासत होता. 1877 साली तो वारला.

कँडीच्या व्याकरणात चूक काढणे कठीण होते. तक्रार होती ती वेगळीच. सरकारी आणि मिशनरी मराठीला इंग्रजी वाक्याचा सांगाडा आहे, शब्द मराठी असूनही चाल मराठी नाही, असा सूर त्या काळी वाढत गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली ती भाषेच्या अवस्थेच्या चिंतेनेच. त्याआधीचे उदाहरण विल्यम कॅरीचे. बंगालमध्ये श्रीरामपुरास बसून, महाराष्ट्रात राहायला न येता, पंडित वैजनाथांच्या साहाय्याने त्याने 1805 साली मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 साली कोश. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण त्या व्याकरणानंतर एकतीस वर्षांनी, 1836 साली आले. नियम आधी लिहून काढणारा माणूस मराठी मुलखात दोन दिवस बाजार करू शकला असता का, हा प्रश्न मला गंमतीचा वाटतो. कोकणीचे व्याकरण रचणाऱ्या फादर स्टीफन्सबद्दल मात्र असा प्रश्न पडत नाही. 1579 साली गोव्यात उतरलेल्या त्या इंग्रजाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते 1616 साली छापले गेले. त्याच्या मराठीत कोकणीची सरमिसळ आहे. पण त्याची ओवी मोडत नाही.

विसाव्या शतकात परीक्षकांनी हे मोजायचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत मुलाखतीने भाषा तपासण्याचा एक तक्ता वापरात होता. त्यात 99 पैकी 36 गुण व्याकरणाला, 24 शब्दसंग्रहाला, 23 आकलनाला, ओघाला 12 आणि उच्चाराला अवघे 4. गमतीचा भाग असा की हे वजन कुणी आधी ठरवून दिलेले नव्हते. अनुभवी परीक्षकांनी एकूण दर्जा कसा दिला होता त्यावरून ते हिशेब करून काढले गेले. म्हणजे तोंडाने काहीही म्हणोत, त्यांचे मत व्याकरणावर ठरत होते. युरोपने 2001 साली केलेल्या चौकटीत अचूकपणा आणि ओघ ही दोन वेगळी खाती आहेत. मला ही विभागणी पटते. एकात भरपूर शिल्लक असून दुसऱ्यात खडखडाट असलेली माणसे मी दोन्ही बाजूंची पाहिली आहेत.

पण म्हणून सगळ्या चुका सारख्याच माफ, असे मी म्हणणार नाही. भोजपुरी किंवा अवधी बोलणाऱ्याच्या भाषेत कर्त्याला ‘ने’ लागत नाही. त्या सवयीने तो मराठीत ‘भाऊ मारला’ म्हणाला, तर ‘भावाने मारले’ ऐवजी भाऊ मेल्याची बातमी होते. चहाच्या टपरीवर ऐकणारा समजून घेईल. पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेताना तोच प्रत्यय कुणाला आरोपी करायचे आणि कुणाला मयत, हे ठरवील. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही तेच. ‘आम्ही जेवायला जाऊ’ म्हणणाऱ्याने समोरच्याला वगळले, हे त्याला माहीत नसते आणि समोरचा मात्र मनात धरतो. दुकानाचे लिंग चुकल्याने असे काही बिघडत नाही. तरी आपण हसतो ते लिंगाच्या चुकीला, कारण ती पहिल्या वाक्यातच ऐकू येते.

सरकारची स्थितीही फार निराळी नाही. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर अमराठी कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाच्या मराठी भाषा परीक्षा आहेत, निम्नस्तर आणि उच्चस्तर. टिपणी, पत्रव्यवहार करायचा तर लेखी व्याकरण तपासणे रास्तच. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट आली तेव्हा मात्र वाद कोर्टात गेला आणि 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्याचा मुद्दा वेगळा. माझ्यापुरता प्रश्न इतकाच, की रिक्षावाल्याला उतारा वाचायला लावून त्याचे कोणते मराठी तपासले जाते? उताऱ्यात ‘पुढच्या गतिरोधकाच्या अलीकडे डावीकडे घ्या’ हे वाक्य येत नाही.

उलट दिशेने गेलेले मराठी लोक आठवून पाहावेत. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांना गांधीजींनी ‘सवाई गुजराती’ म्हटले आणि त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार गुजराती पुस्तकासाठी मिळाला. घरात मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठ विजेते कवी झाले. या दोघांबद्दल बोलताना आपली छाती फुगते. उल्हासनगरच्या गल्ल्यावर बसून तीन भाषांत हिशेब सांगणाऱ्या माणसाबद्दल ती फुगत नाही.

त्या पहिल्या पिढीतले फार थोडे आता उरले. 1967 साली सिंधी आठव्या अनुसूचीत आली, तरी नातवंडे बहुतेक इंग्रजी शाळांत गेली. तिथे मराठी हा विषय आहे आणि 2020 च्या कायद्याने तो सर्व शाळांत सक्तीचा झाला आहे. दुकानात परवा एका मुलाने माझ्या समोर आजोबांना सुधारले, ‘माझा दुकान नाही, माझं दुकान’. अगदी बरोबर होते. मग मी त्याला कापडाचा पन्हा विचारला. त्याने आजोबांकडे पाहिले, आणि आजोबांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली.