राजगडाची वाट कोणी राखली?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. वेल्ह्याकडचा राजगड त्यांपैकी एक. आता परदेशी पर्यटक भोर-वेल्ह्याकडे वळतील. त्यांना इतिहास कोणाचा सांगितला जाणार, हा आमचा प्रश्न आहे.

आज काय दाखवले जाते? भोरला पंतसचिवांचा राजवाडा. पुढे रोहिडा, रायरेश्वर, तोरणा. राजगडावर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि बालेकिल्ला. हे सारे पाहावेच. रायगडापूर्वी शिवरायांची राजधानी इथेच होती. पण या साऱ्या कथेत राजे, सरदार आणि कारभारी आहेत. गड राखणारा माणूस नाही.

तो माणूस इतिहासात आहे. जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या ग्रंथात गडकऱ्यांमध्ये ब्राह्मण-मराठ्यांबरोबर रामोशी, महार, मांग यांची नावे दिली आहेत. किल्ल्याजवळच्या इनाम जमिनी त्यांच्याकडे वंशपरंपरेने होत्या. रामोशी आणि महार बाहेरच्या चौक्यांवर असत. वाटांवर नजर ठेवणे, बातमी आणणे, शत्रूला चकवणे हे त्यांचे काम. म्हणजे पर्यटक आज ज्या वाटांनी गड चढतो, त्या वाटाच आमच्या पूर्वजांनी राखल्या.

काहीजण म्हणतील, 'शिवरायांच्या गडावर जात कशाला आणता?' जात आम्ही आणलेली नाही. कामाच्या वाटणीत ती होतीच. आम्ही फक्त पुसलेली नावे परत लिहितो आहोत. १८६९ साली पोवाडा लिहून जोतीराव फुल्यांनी शिवरायांना रयतेच्या बाजूने सांगितले. आम्ही त्याच वाटेने चाललो आहोत.

पण नुसत्या पराक्रमाच्या अभिमानावर आम्ही थांबणार नाही. गडांचे पहारे संपले, तरी गावकीची राबणूक संपली नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. पहारेकऱ्याचे शौर्य सांगायचे आणि त्याच्या पोरांची वेठ लपवायची, हा अर्धा इतिहास आम्हाला नको.

दक्षिण आफ्रिकेचे रॉबेन बेट पाहा. नेल्सन मंडेला तिथे १८ वर्षे कैदेत होते. १९९९ साली ते जागतिक वारसा झाले. तिथला तुरुंग जगाला दाखवायला एकेकाळचे राजकैदीच पुढे उभे राहिले. ज्यांनी सोसले, त्यांनीच सांगितले.

भोर-वेल्ह्यातल्या आमच्या तरुणांनी हेच करावे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून जमिनींची, मेटांची, पहाऱ्यांची माहिती लिहून घ्यावी. जुने कागद तपासावेत. वाटाड्याचे काम शिकावे. आणि गडाच्या पायथ्याशी गडकऱ्यांची नोंद असलेला फलक लावण्याची मागणी करावी.

वारसा जगाचा झाला आहे. त्यातला आमचा वाटा आम्हीच सांगू.

जय भीम! जय शिवराय!