खरी कमाई : पट्टी नव्हे, श्रमाचा वाटा

नंदुरबार : गळ्यात स्कार्फ बांधलेला विद्यार्थी दारात येतो आणि वर्गणीऐवजी काम मागतो. अंगण झाडणे, सायकल पुसणे, बागेला पाणी घालणे, धान्य निवडणे अशी साधी कामे तो करतो. काम झाल्यावर घरमालक स्वेच्छेने जी रक्कम देईल, ती कार्डावर नोंदवून तो स्वाक्षरी घेतो. स्काऊट-गाईड चळवळीत या उपक्रमाला 'खरी कमाई' असे नाव आहे. अनेक शाळांत विद्यार्थ्यांनीच तयार केलेल्या खाद्यपदार्थांचे वा वस्तूंचे विक्री केंद्र लावूनही ही कमाई केली जाते. जमलेल्या रकमेतून पथकाचा खर्च भागतो आणि चळवळीच्या कामासही हातभार लागतो.

तत्त्वाचा उगम

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने पैसा मागून नव्हे, तर कमावून उभा करावा, असा दंडक प्रारंभापासून घातला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्थापन झाली. तिच्या नऊ नियमांतही काटकसरीचा स्वतंत्र नियम आहे.

ब्रिटनमधील स्काऊटांनी 1949 मध्ये 'बॉब-अ-जॉब' सप्ताह सुरू केला. 'बॉब' हे शिलिंगचे बोलीतील नाव. एका कामाला एक शिलिंग, असा त्याचा सरळ हिशेब होता. भारतातील खरी कमाई ही त्याच जातकुळीची आहे.

एका पेनीचा निधी

गाईड चळवळीतील निधीची कथा अधिक बोलकी आहे. 22 फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिन. जगभरातील गाईडांनी या दिवशी परस्परांचे स्मरण करावे, असे 1926 मध्ये अमेरिकेत भरलेल्या जागतिक परिषदेत ठरले. त्यातून 'चिंतन दिन' सुरू झाला. पुढे 1932 मध्ये पोलंडमधील परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचविले, की वाढदिवस म्हटला की भेट आलीच. तेव्हा प्रत्येकीने या दिवशी जागतिक कार्यासाठी काही द्यावे. ओलेव्ह यांनी पत्र लिहून प्रत्येक गाईडकडे केवळ एक पेनी मागितली. त्या काळी 240 पेनींचा एक पौंड होत असे. रक्कम जाणीवपूर्वक इतकी लहान ठेवली गेली, की कोणीही मुलगी त्यातून वगळली जाऊ नये.

जागतिक गाईड चळवळीच्या मोजक्या केंद्रांपैकी एक महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील आळंदी रस्त्यावरील 'संगम' या केंद्राचे उद्‌घाटन ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते 1966 मध्ये झाले. देशोदेशींच्या मुली येथे येऊन राहतात, प्रशिक्षण घेतात आणि सेवाकार्यात भाग घेतात.

या जागतिक संघटनांना राष्ट्रीय संस्था वार्षिक शुल्कही देतात. ते आकारताना सदस्यसंख्येबरोबरच देशाच्या उत्पन्नाचाही विचार होतो. ज्याची जेवढी ऐपत, तेवढाच त्याचा वाटा, हे सूत्र तेथेही पाळले जाते.

नंदुरबारच्या संदर्भात

हेच सूत्र नंदुरबारसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचे ठरते. धुळ्यातून विभागून 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 16 लाख 48 हजार 295 असून, दर दहा जणांपैकी सुमारे सात जण अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी स्थलांतर करतात. अशा घरातील मुलांना श्रम नवे नसतात. नवा असतो तो श्रमाला मिळणारा सन्मान.

म्हणूनच 'प्रत्येकाने अमुक रुपये आणावेत' असे सांगितले गेले, की खरी कमाई संपते आणि पट्टी सुरू होते. सुखवस्तू घरातील मूल वडिलांच्या खिशातून नोट आणते आणि काहीही न शिकता मोकळे होते. मजुराचे मूल मात्र त्या दिवशी शाळेत यायलाच कचरते. याउलट, काम खरोखर करायचे ठरले तर दोघेही एका पायरीवर येतात. धडगाव-अक्कलकुवा भागातील मुलाला आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करणे ठाऊक असते, पावसाळ्यातील रानभाज्या ओळखता येतात. विक्री केंद्रावर हे ज्ञानच भांडवल ठरते आणि इतरांना त्याच्याकडून शिकावे लागते.

पथ्ये

उपक्रमाची पथ्ये साधी आहेत. सहभाग ऐच्छिक असावा. रकमेचे उद्दिष्ट मुलावर लादू नये. काम वयाला झेपणारे व निर्धोक असावे. मुलांनी एकट्याने न जाता जोडीने, दिवसाउजेडी आणि पथकप्रमुखाच्या माहितीतील घरीच जावे. शाळा बुडता कामा नये. जमलेली रक्कम आणि तिचा विनियोग मुलांसमोर वाचून दाखवावा, कारण हिशेब हाही शिक्षणाचाच भाग आहे.

घरमालकानेही दया म्हणून पैसे देऊ नयेत. आधी काम सांगावे, ते नीट करून घ्यावे आणि मगच मोबदला द्यावा. कार्डावरील रक्कम पाच रुपये असो वा पन्नास. ती कमावलेली असेल, तरच तिला खरी कमाई म्हणता येईल.