आकड्यांची साक्ष

सरकारी चाकरीत चौकशीचे कागद वाचण्यात आमची बरीच वर्षे गेली. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, उच्च गणिताला आम्ही दुरूनच नमस्कार करीत आलो. तरीही आंरी प्वँकारे या थोर फ्रेंच गणितज्ञाकडे आम्ही ओढले गेलो, ते अशाच एका चौकशीमुळे.

१८९४ साली पॅरिसमधील जर्मन वकिलातीतून एक बिनसहीची चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती आली. तीत लष्करी गुपितांची यादी होती. संशय आल्फ्रेद द्रेफ्यूस या ज्यू कॅप्टनवर गेला. पोलिसांच्या ओळख-विभागाचे प्रमुख बेर्तियाँ यांनी अक्षर त्याचेच असल्याचा निर्वाळा दिला. (शरीराची मापे घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत यांचीच, बंगालच्या पोलिसांनीही ती काही वर्षे वापरली. हस्ताक्षराचे मात्र ते जाणकार नव्हते.) अक्षर जुळले तर तो पुरावा, न जुळले तर आरोपीने ते मुद्दाम बदलले, असा त्यांचा खाक्या! अशा तर्कापुढे निर्दोष ठरावे तरी कोणी? द्रेफ्यूसची रवानगी सैतानाच्या बेटावर झाली.

बेर्तियाँ यांनी आकडेही मांडले. चिठ्ठीतील २६ जागांपैकी ४ ठिकाणी त्यांना विशिष्ट मेळ आढळला. एका मेळाची संभाव्यता ०.२, म्हणून चारांची ०.००१६; सबब हा योगायोग नव्हे! १८९९ साली रेन येथील फेरसुनावणीत प्वँकारे यांचे पत्र वाचले गेले. ०.००१६ हा आकडा चारांपैकी चारही मेळ जमण्याचा आहे. २६ जागांत निदान चार मेळ जमण्याची शक्यता शंभरात सत्तरांहून कमी नाही, असे त्यांनी दाखविले. नैतिक प्रश्नांच्या जागी नुसते आकडे बसविणे व्यर्थ आणि धोक्याचे आहे, असेही बजावले. तरी न्यायालयाने द्रेफ्यूसला पुन्हा दोषी ठरविलेच. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, पण कलंक राहिला.

प्वँकारे यांना चुकीची किंमत ठाऊक होती. ग्रहतारे परस्परांच्या ओढीने कसे फिरतात, या प्रश्नावरील त्यांच्या निबंधाला १८८९ साली स्वीडनच्या राजाचे २,५०० क्रोनरचे पारितोषिक मिळाले. छपाईच्या वेळी फ्रॅग्मेन या तरुण गणितज्ञाने शंका विचारल्या आणि त्यातून निबंधातली मोठीच चूक उघडी पडली. प्वँकारे यांनी ती झाकली नाही. निबंध नव्याने लिहिला, फेरछपाईचे ३,५८५ क्रोनर पदरचे भरले. पारितोषिकाहून खर्च जास्त! त्या दुरुस्तीतूनच कळले की, नियम ठरलेले असूनही आकाशस्थ गोलांची गती कमालीची गुंतागुंतीची होऊ शकते. स्वतःच्या सिद्धतेवर असा अविश्वास दाखविणाऱ्याला दुसऱ्याचे गणित तपासण्याचा अधिकार होता, असे आम्हांस वाटते.

१९०४ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दार्बू, आपेल व प्वँकारे यांच्याकडे हे प्रकरण सोपविले. तिघांनी बेर्तियाँ यांची मापे पुन्हा तपासली. ती मूळ चिठ्ठीवरून नव्हे, तर जुळवाजुळव केलेल्या छायाचित्रावरून घेतलेली निघाली. साऱ्या उपपत्तीला शास्त्रीय मूल्य नाही, असा त्यांनी अहवाल दिला. त्याच वर्षी प्वँकारे यांनी त्रिमितीय गोलाविषयीचा एक प्रश्न शुद्ध गणितापुढे ठेवला. तो सुटायला २००३ साल उजाडावे लागले, आणि तो सोडविला पेरेलमान या रशियन गणितज्ञाने.

द्रेफ्यूसला तितके थांबावे लागले नाही. १२ जुलै १९०६ रोजी न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरविली आणि तो बढती मिळून सैन्यात परतला. दरम्यान बारा वर्षे लोटली होती.