एका वाक्याचे धर्मशासन : मेथडिस्ट परंपरेतील समलिंगी विवाहाचा वाद

अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये समलिंगी विवाहावरून झालेला दीर्घ वाद हा धर्मश्रद्धेचा होता, तसाच तो एका संहितेच्या अन्वयार्थाचाही होता. १९६८ मध्ये दोन संप्रदायांच्या एकीकरणातून स्थापन झालेल्या या चर्चची सर्वोच्च सभा म्हणजे सामान्यतः दर चार वर्षांनी भरणारी जनरल कॉन्फरन्स. तिने संमत केलेल्या 'बुक ऑफ डिसिप्लिन' या ग्रंथात बंधनकारक नियम आणि मार्गदर्शक नीतितत्त्वे एकत्र नांदतात. वादाचे मूळ या दुहेरी स्वरूपात आहे.

१९७२ च्या अटलांटा अधिवेशनात 'सामाजिक तत्त्वे' या प्रकरणाच्या मसुद्यात समलिंगी व्यक्तींचे मूल्य पवित्र मानणारे विधान होते. सभागृहातून आलेल्या दुरुस्तीने त्याला दुसरे विधान जोडले : समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. स्वीकार आणि निषेध असे शेजारी आले. १९९६ मध्ये त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आले. समलिंगी सहजीवनाचे विधी पाळकांनी करू नयेत व ते चर्चच्या वास्तूंत होऊ नयेत, असा त्याचा आशय होता.

हे वाक्य उपदेश की कायदा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. नेब्रास्कातील ओमाहा येथील पाळक जिमी क्रीच यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये दोन स्त्रियांचा करारविधी केला. मार्च १९९८ मधील चर्च-न्यायालयात १३ पंचांपैकी ८ जणांनी त्यांना दोषी मानले. दोषसिद्धीसाठी ९ मते आवश्यक असल्याने ते सुटले. सामाजिक तत्त्वे केवळ मार्गदर्शक आहेत, हा त्यांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. ऑगस्ट १९९८ मध्ये चर्चच्या न्यायमंडळाने ते वाक्य बंधनकारक ठरवले. वाक्यातील एकही शब्द न बदलता त्याचा दर्जा बदलला. दोन पुरुषांचा तसाच विधी केल्याबद्दल क्रीच यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये पाळकपद गमावले.

पेनसिल्व्हेनियातील फ्रँक शेफर यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. त्यांनी २००७ मध्ये स्वतःच्या मुलाचा विवाह लावला होता. २०१३ मध्ये त्यांचे पद काढून घेण्यात आले. २०१४ मध्ये अपिलात ते परत मिळाले. पाळकाने आपल्या माणसांची आत्मिक काळजी वाहावी आणि चर्चच्या शिस्तीचेही पालन करावे, या दोन प्रतिज्ञा येथे परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिल्यावर राज्याचा कायदा आणि चर्चचा नियम यांतील अंतर अधिक ठळक झाले. तरीही २०१९ च्या सेंट लुईस येथील विशेष अधिवेशनाने ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी अधिक कठोर केली. त्याच वेळी मालमत्तेसह बाहेर पडण्याची मर्यादित मुभा मिळाली. २०२३ अखेरपर्यंत अमेरिकेतील ७,६०० हून अधिक, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, मंडळ्या वेगळ्या झाल्या. बंदी टिकावी असे मानणाऱ्यांचाच त्यांत भरणा असल्याने पुढील सभेतील बळ पालटले.

२०२४ च्या शार्लट अधिवेशनाने विवाहविधीवरील बंदी उठवली. २ मे रोजी ५२३ विरुद्ध १६१ मतांनी १९७२ चे 'विसंगत' हे विधानही वगळले गेले. मात्र हा विधी करण्याची सक्ती कोणत्याही पाळकावर झाली नाही.

ब्रिटिश मेथडिस्ट चर्चने ३० जून २०२१ रोजी २५४ विरुद्ध ४६ मतांनी निराळी रीत स्वीकारली. तेथे विवाहाच्या दोन व्याख्या, स्त्री-पुरुषांतील आणि कोणत्याही दोन व्यक्तींमधील, एकत्र मान्य झाल्या. असा विवाह लावायचा की नाही, हे पाळकाच्या विवेकावर आणि वास्तू द्यायची की नाही, हे स्थानिक विश्वस्तांवर सोपवण्यात आले.

अमेरिकी चर्चने निषेधाची वाक्ये खोडली, ब्रिटिश चर्चने दोन अर्थ शेजारी ठेवले. दोन्हींत निर्णयाचे ओझे केंद्रीय सभेकडून वेदीपुढील पाळकाकडे आले. पूर्वी चर्च-न्यायालय पाळकाला त्याने नियम पाळला का, असे विचारी. आता समोर उभ्या असलेल्या जोडप्याला त्याने स्वतःचे उत्तर द्यायचे आहे.